भाड्याचा मोडेम आणि मंजिरीचा इंटरव्ह्यू

मी नेटवर्क इंजिनीअर आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं सांगून झाल्यावर ते सांगायची हिंमत होणार नाही.

पिस्कॅटवेला राहायला आल्यापासून आम्ही केबल कंपनीचा इंटरनेटचा मोडेम भाड्याने वापरत होतो. दर महिन्याच्या बिलात त्याचं भाडं लागून यायचं आणि दर महिन्याला ते बघून माझं डोकं फिरायचं. ऑफिसात खोलीभर यंत्रं सांभाळणारा माणूस घरी चपलेच्या खोक्याएवढ्या डब्याचं भाडं भरतो, हे मनाला लागत होतं. माझी बायको मंजिरी म्हणायची, चालतंय ना, मग हात लावू नकोस. (आमच्या धंद्यात हे पहिल्याच दिवशी शिकवतात. त्या दिवशी मी गैरहजर असणार.)

एका शनिवारी गावातल्याच पेंडसेकाकांकडे गॅरेज सेल होता, म्हणजे घरातलं जुनं सामान दारात मांडून विकायचं. काका-काकू मुलाकडे अल्फारेटाला कायमचे राहायला निघाले होते. टेबलावर एक मिक्सर, दोन सूटकेसेस आणि एक मोडेम. मॉडेल चांगलं होतं. मी विचारलं, "काका, हा तुमचा स्वतःचाच ना?"

"माझा नाही तर कोणाचा? आठ वर्षं माझ्या घरात आहे."

वीस डॉलरला सौदा झाला. काका निवृत्त भुलतज्ज्ञ आहेत. त्यामुळे त्या क्षणी मला काहीच जाणवलं नाही; दुखायला लागलं ते नंतर.

दुपारी आधी कंपनीच्या काउंटरवर जाऊन आमचा भाड्याचा मोडेम परत केला. तिथल्या बाईंनी सुचवलं, की नवा आधी जोडून बघा, चालला की मग हा आणून द्या, बरेच लोक तसंच करतात. मी त्यांना माझा व्यवसाय सांगितला. त्यांनी लगेच पावती दिली.

घरी येऊन काकांचा मोडेम जोडला. दिवा लुकलुकला. लुकलुकतच राहिला. मी वायर काढून पुन्हा लावली, मग ती उलटी करून लावली (दोन्ही टोकं सारखीच असतात, तरी). शेवटी कंपनीला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एका मुलीने मोडेमखालचा नंबर विचारला. मी वाचून दाखवला. ती म्हणाली, की हा मोडेम शोधून दिल्याबद्दल आभार, तो कंपनीचाच आहे. दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर भाड्याने दिलेला आहे, तुमच्या खात्यावर चालू होणार नाही, कृपया आणून द्या. ऑफिस आता बंद झालंय. रविवारी सुट्टी. सोमवारी दहाला उघडेल.

मी काकांना फोन लावला. तुम्ही याचं भाडं भरत होतात का, असं विचारलं. "म्हणजे काय? नेमाने भरलं," काका म्हणाले. "आठ वर्षं! आपल्याकडे कूळकायद्यात एवढ्यात जमीन नावावर होते."

आमची दहा वर्षांची ईरा सगळं ऐकत होती. "बाबा, व्हाय डिड यू रिटर्न द वर्किंग वन?" तिने विचारलं. मी पुन्हा एकदा वायर काढून लावली.

मंजिरी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, "ऑफिस कधी उघडतं?"

"सोमवारी दहाला."

"आणि माझा इंटरव्ह्यू?"

"सोमवारी नऊला."

पाच वर्षं व्हिसामुळे तिला नोकरी करता आली नव्हती. परमिट आल्यावर शंभरेक अर्ज करून ती या शेवटच्या राउंडपर्यंत पोचली होती, आणि तो व्हिडिओवर होता. आमचं घर उताराच्या तळाशी आहे, तिथे मोबाइलला रेंज मिळते ती फक्त बाथरूमच्या खिडकीत. शेजाऱ्यांकडे नुकतंच बाळ झालेलं. मार्ग तिनेच काढला: लायब्ररी उघडते दहाला, पण तिचं वायफाय पार्किंगपर्यंत येतं.

सोमवारी पावणेनऊला ईराला शाळेत सोडून आम्ही लायब्ररीच्या पार्किंगमध्ये पोचलो. मंजिरी मागच्या सीटवर, वर कोट आणि खाली पायजमा, लॅपटॉप उशीवर. मला सूचना एकच होती: बाहेर थांब आणि काही करू नकोस.

नऊला पाच कमी असताना पानं उडवणारी यंत्रं पाठीवर घेऊन दोन माणसं आली. यंत्र सुरू झालं आणि कानाशी ट्रक गुरगुरावा तसा आवाज घुमला. मी धावत गेलो आणि हातापाया पडलो. त्यांतल्या वयस्कर माणसाला दया आली, पण साडेनऊपर्यंत सगळं आवार साफ करायचं होतं. शेवटी ठरलं, की ते लांबच्या टोकापासून सुरू करतील आणि गाडीभोवतीची पानं मी हाताने गोळा करीन. त्याने माझ्या हातात दाताळं दिलं.

अर्धा तास मी इस्त्रीच्या शर्टात गाडीला प्रदक्षिणा घालत पानं ओढत होतो. आपण बायकोसाठी केवढं करतोय, या विचाराने ऊरही भरून आला. आपण दर फेरीला कॅमेऱ्यात दिसतोय, हे मात्र लक्षात आलं नाही.

ते मंजिरीने नंतर सांगितलं. तिसऱ्या फेरीला मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, की तुमच्या मागे तो माणूस कोण आहे. माळी म्हणून सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण तिने सगळं खरं सांगून टाकलं. दोघं मुलाखतकार पोट धरून हसले. मग एकाने विचारलं, अशा परिस्थितीत तुम्ही काय केलंत? ती म्हणाली, "पर्याय शोधला आणि नवऱ्याला बाहेर ठेवलं."

दहा वाजता आम्ही काउंटरवर होतो. त्याच बाई. त्यांनी काकांचा मोडेम घेतला, काकांच्या नावाची पावती दिली आणि मी काही बोलायच्या आत भाड्याचा मोडेम पुढे सरकवला. म्हणजे वीस डॉलर खर्चून मी काकांचं काम करून आलो होतो. काकांनी फोन करून आवर्जून आभार मानले.

मंजिरीला नोकरी मिळाली. डिसेंबरात तिच्या ऑफिसच्या पार्टीला गेलो. मी हात पुढे करून नाव सांगतोय, तोवर तिच्या मॅनेजरचा चेहरा उजळला. "ओह! यू आर द मोडेम!" त्याने हाका मारून आणखी चौघांना बोलावलं.

मंजिरी त्यांना म्हणाली, की हो, हाच तो, जरा जुना आहे, पण काउंटरवर परत घेत नाहीत. सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा. सिग्नल पोचायला वेळ लागतो.