एस्टोनियाची पोस्टरं आणणारे सर

शिरूरच्या चौकात नवा फ्लेक्स लागला की आमचे चित्रकलेचे सर त्याच्यासमोर थांबायचे. एक डोळा मिटून हात लांब करायचे, तळव्यानं त्यावरचे चेहरे झाकायचे आणि विचारायचे, "सांगा बाई, उरलं काय?" बहुतेक वेळा शेजारी मीच असायचे, कारण त्याच शाळेत मी गणित शिकवते. उरलेले असायचे शुभेच्छुकांचे मोबाईल नंबर. वाढदिवसाचे, निवडीचे, दहाव्याचे असले फ्लेक्स तुम्हीही रोज बघता. त्याचं नवल वाटणारा माणूस आमच्याकडे हा एकच.

केडगावहून यायचे. डबा खातानाही वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर पेन्सिल चालवायचे. शाळेनं त्यांच्यासाठी रांगोळी स्पर्धा आणि फलकलेखन तेवढं ठेवलं होतं. तेही मन लावून करायचे, वेडा माणूस.

आधी संस्थेच्या दौंडच्या शाखेत असताना शिकवलेली त्यांची एक विद्यार्थिनी एस्टोनियाला पोस्टरकला शिकायला गेली. येताना तिथल्या चित्रकारांनी नाटकांसाठी, मैफलींसाठी केलेली पोस्टरं घेऊन आली. त्यांनी ती तिच्या भरवशावर दिली होती, प्रदर्शन झालं की परत पाठवायची. पुण्यात हॉल मिळत होता, पण सर हट्टाला पेटले, आधी शिरूरला. एकाही पोस्टरला सुरकुती पडणार नाही, असा शब्द त्यांनी तिला दिला.

संस्थेचे अध्यक्ष आप्पा. त्यांनी हॉल दिला, उद्घाटनालाही येतो म्हणाले. आदल्या दिवशी सरांनी एकेक पोस्टर स्वतः टांगलं. त्यातलं एक नाटकाचं होतं. सगळा कागद पांढरा, खाली कोपऱ्यात इवलीशी काळी खुर्ची. सर म्हणाले, "एवढी जागा मोकळी सोडायला हिंमत लागते, बाई." मला आधी नुसती खुर्चीच दिसली. पण घरी जायला निघाले आणि दारातून परत फिरून ती बघत बसले.

सकाळी जाऊन बघते तर, कपाळ माझं! प्रत्येक पोस्टरवर खाली 'सौजन्य' लिहिलेली पट्टी आणि आप्पांचा फोटो, चांगला घट्ट डिंकानं चिकटवलेला. खुर्चीच्या पोस्टरवर तर बरोब्बर मधोमध. हे आप्पांच्या मागे फिरणाऱ्या पोरांचं काम, आणि तेही प्रेमानं केलेलं. त्यातला एक कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला, "कुनाचा फोटोच नव्हता, सर. लई ओकंबोकं दिसत व्हतं."

सर खुर्चीच्या पोस्टरजवळ जाऊन नखानं फोटो सोडवायला लागले. खालचा कागदही सोबत निघत होता. तेवढ्यात आप्पा हार घालून दारात आले, आणि फोटो नाकापासून टर्रकन फाटला. आप्पांच्या मागे ती मुलगी उभी होती.

मग पोस्टरांचं कुणी विचारेना. गावभर एकच बोंब, आप्पांचा फोटो कुणी फाडला! दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या बैठकीत सरांना माफी मागायला लावली.

"फोटोची माफी मागतो," सर म्हणाले. "त्या पोरीची कुणी मागायची, तेवढं सांगा."

"झालं न्हवं? विषय संपला," आप्पा म्हणाले आणि चहा आला.

मुलीनं पट्ट्यांसकट पोस्टरं गुंडाळून नेली. जाताना एवढंच म्हणाली, "जाऊ द्या, सर." मला तिचाही राग येतो. सरांना चार शब्द सुनावले असते तर त्या दिवशी ते जेवले तरी असते.

महिनाअखेरीस त्यांनी नोकरी सोडली. मी एकदा केडगावला जाऊन आले. सरांनी पोरांची नावं घेऊन चौकशी केली, चित्राचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

संस्थेनं त्यांची जागा भरलेली नाही. चित्रकलेचा तास माझ्याकडे आलाय. त्या तासाला मी अपूर्णांक शिकवते. सुरुवातीला काही पोरं रंगपेटी आणायची. आता कुणी आणत नाही.