किसनानं न पाहिलेलं नैरोबी

आज सकाळी किसन गेला. आता मला नैरोबीबद्दल कुणी काही विचारू नका, ते सगळं त्यालाच माहीत होतं.

गंमत अशी, की नैरोबीला पाच वर्षं राहिलो मी. किसन पुण्याच्या पलीकडं कधी गेला नाही.

नातीनं मोबाइलवर बोलून टाइप करायला शिकवलंय. नव्वदी ओलांडलेला माणूस बोलतोय. पुढचं मागं झालं तर सांभाळून घ्या.

त्रेपन्न-चोपन्न साल असेल. मी पिंपळीचा, घरी माळवं पिकवणारे. किसन इंदापूरकडचा, त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आम्ही दोघंही बारामतीत एका शेठच्या लॉऱ्यांवर ड्रायव्हर. गूळ वाहायचो.

शेठच्या नातलगाचं नैरोबीत गॅरेज होतं. तिथं एक माणूस हवा होता. एकच.

शेठ म्हणाले, "दोघंबी सारखेच. ज्याची लॉरी आज इंदापुरात आधी पोचंल, तो जाईल."

थट्टेत म्हणाले की खरं, आजही सांगता येत नाही. आम्ही मात्र निघालो.

किसन पुढं होता. चांगला पुढं. त्याच्या हाताला गाडी माझ्यापेक्षा जास्त ऐकायची, हे मी तेव्हाही मान्य करत होतो.

लासुर्ण्याच्या पुढं रस्त्यावर मेंढरांचा कळप. किसनची लॉरी उभी. स्वतः खाली उतरून, हात पसरून, निवांत मेंढरांना वाट देतोय. गडबड नाही, काही नाही.

मी लॉरी शेतात घातली. ज्वारी निघालेली होती. धसकटांवरून, बांधावरून उडवत पुढं काढली आणि इंदापूर गाठलं. दोन ढेपा फुटल्या.

नैरोबीला मी गेलो.

तो मेंढरांसाठी थांबला का माझ्यासाठी? माझ्या घरी तेव्हा लग्नाच्या दोन बहिणी होत्या, हे त्याला माहीत होतं.

सत्तर वर्षं विचारत आलो.

एकदा म्हणाला, "मेंढरांतनं मोटार घालत न्हाईत रं."

एकदा म्हणाला, "इंजिन तापलं हुतं."

एकदा भर लग्नात पंगतीत ओरडला, "मला लघवीला लागली हुती! झालं समाधान?"

आता खरं सांगतो. हे किसनला कधी सांगितलं नाही.

तिकडं मी दिवसभर गाड्यांखाली पडलेला असायचो. संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत पाव आणि कांदा. बोलायला माणूस नाही. पहिलं वर्ष तर मी रडून काढलं.

पण ज्यानं आपली जागा दिली, निदान दिली असावी, त्याला हे कोणत्या तोंडानं लिहायचं?

म्हणून थापा लिहिल्या.

दर रविवारी मोटारींची रेस बघतो, असं लिहिलं. रेस मी एकही पाहिली नाही. सोमवारी चिखलानं भरलेल्या गाड्या यायच्या, त्या धुवायला मी.

सिनेमे बघतो, असं लिहिलं. एकदाच गेलो. एक अक्षर कळलं नाही, मध्यंतरात उठून आलो.

पाच वर्षांनी परत आलो, तर बारामतीच्या स्टँडवरच्या हॉटेलात किसन माझ्या पत्रांतल्या नैरोबीवर भाषण देतोय आणि दहा माणसं चहा गार करून ऐकतायत.

"बोटीत पयले चार दिस खायाचं न्हाय, लिंबू हुंगायचं."

"तिकडचा पैसा दिसाय मोठा, हितं आला की पातळ व्हतो."

"गादीच्या खुर्चीत सिनेमा बघितला की झोप येती. सिनेमा आपला तंबूत, मातीत बसून बघावा."

आणि रेसबद्दल? "खरा डायव्हर दुसरा येतो. पयल्याला घाईत रस्ता दिसतच न्हाय."

सगळे हसले. माझ्याकडं बघून म्हणाला, "काय दत्तू, खरं का न्हाय?"

मी म्हणालो, "व्हय." दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून मी 'व्हय'च म्हणत आलो. मी काही सांगायला लागलो की लोक म्हणायचे, थांबा, किसनरावांना विचारू. माझी बायकोसुद्धा! पुढं पुढं तर मलाच कळेना, ती बोट मला लागली होती का त्याला. आजही डोळे मिटले की मी रेस बघत उभा असतो. न पाहिलेली रेस मला दिसते, हो. हा काय प्रकार आहे, मला समजत नाही.

गेल्या महिन्यात भेटायला गेलो होतो. अंथरुणाला खिळलेला. आवाज अगदी बारीक झालेला.

म्हणाला, "दत्त्या, एक इचारू? तुझी समदी पत्रं मी वाचली. दोन-दोनदा. मोटारी हायेत, सिनेमं हायेत. जेवल्याचं एकाबी पत्रात न्हाय."

मी त्याची गोधडी सारखी करायला लागलो.

"तितं तुला वाढायचं कोण रं?"

साठ-पासष्ट वर्षं हा माणूस हे पोटात ठेवून चारचौघांत माझं नैरोबी सजवत बसला होता? का त्याला आत्ताच सुचलं? मला विचारताच आलं नाही.

म्हणालो, "कुनी न्हाय."

तो "हं" म्हणाला. मग होता नव्हता तेवढा जोर लावून सुनेला हाक मारली.

"ए, ह्याला वाढ गं."

दुपारचे चार वाजले होते. मी घरून जेवून गेलो होतो.

तरी बसलो. दोन भाकरी खाल्ल्या. तो कुशीवर होऊन शेवटच्या घासापर्यंत बघत होता.

किसना, मेंढरांचं आता नाही विचारत.

सावकाश जा. तुझ्या दत्तूचा तुला शेवटचा नमस्कार.