दादाचं वेगळं ताट

माझा दादा दारूने गेला नाही.

आज वर्ष झालं, तरी लिव्हर म्हटलं की लोक आधी तेच विचारतात. मोडनिंबचे पाहुणे परवाही हळूच विचारून गेले. म्हणून लिहितेय.

सोलापुरात आमच्या वस्तीत भीमजयंतीला रक्तदान शिबिर असतं. पहिला नंबर कायम दादाचा.

सात वर्षांपूर्वी रक्तपेढीतून त्याला फोन आला, भेटून जा. तो गेला. रक्तात हेपॅटायटिस बी निघाला होता, लिव्हर खराब करणारी कावीळ. डॉक्टरांना दाखवा म्हणाले. दादा चिठ्ठी खिशात घालून घरी आला आणि चकार शब्द बोलला नाही.

कारण माझं लग्न ठरत होतं.

पुढच्या जयंतीला म्हणाला, कामावर सुट्टी नाही. स्वतःचं लग्नही टाळत राहिला.

आणि घरात ताट, वाटी, कप वेगळा केला. स्वतःच घासायचा. जेवायचा दाराशी, एकटा.

आईला ते फार लागलं. लहानपणी गावातल्या हॉटेलाबाहेर तिच्या वडिलांचा वेगळा कप तिने बघितलेला. एकदा म्हणाली, "आमी जे मोडलं, ते तू घरात आणतो व्हय?"

दादा खाली मान घालून जेवत राहिला.

आम्हाला वाटलं, शिष्टपणा आलाय. मी चिडवायचे, साहेबांचं ताट वाढा. आज त्याची लाज वाटते.

पोटात पाणी झालं तेव्हा कुठे अ‍ॅडमिट केलं. मी सहज त्याच्या कपातला चहा घ्यायला गेले, तर त्याने कप ओढून घेतला.

"नको. तुला लेकरं हायती."

तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

राउंडवरच्या डॉक्टर मॅडम ऐकत होत्या. म्हणाल्या, हे एका ताटात जेवून होत नाही. रक्तातून होतं, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला. घरच्यांसाठी लस आहे. आणि तुम्ही वेळेवर आला असता तर गोळ्याही होत्या.

दादा म्हणाला,

"म्हंजी मी उगंच येगळं जेवलो की."

त्याच दुखण्यात तो गेला.

आमच्या सगळ्यांच्या टेस्ट झाल्या, लस झाली. तुम्हाला असा फोन आला तर जा, उपचार घ्या, आणि घरी सांगा. लग्न मोडलं तर मोडू द्या.

आज वर्षाची बुद्धवंदना झाल्यावर आईने त्याचं ताट काढलं आणि आमच्या पंगतीत मांडलं. मी त्यातच जेवले.

जय भीम, दादा.