आईच्या पायाखालचा टायर

रविवार, ९ फेब्रुवारी. हजर: मी, आई आणि मळवलीच्या रस्त्यावरचा पंक्चरवाला.

गाडीला मोठी चाकं बसवण्याआधी मी तोट्यांची यादी केली होती: चढाला गाडी जड होईल, पेट्रोल जास्त लागेल, स्पीडोमीटर वेग कमी दाखवेल. तरी रुबाबासाठी बसवलीच.

पंक्चरवाल्यानं हवा भरली, व्हॉल्व्हला थुंकी लावली आणि बुडबुडा येतोय का ते वाकून पाहत राहिला. पाय मोकळे करायला उतरलेली आई परत चढत होती. तिनं दोनदा पाय उचलला आणि खाली ठेवला.

"चल ना आई, उशीर होतोय."

तो उठला आणि दारापाशी एक जुना टायर आडवा टाकला. "मावशी, ह्याच्यावर पाय द्या. दमानं."

मग मला दोन बोटं आडवी दाखवत म्हणाला, "एवढीच वर गेलीय गाडी, भाऊ. पर गुडघ्याला लय व्हतंय."

"म्हणून तर मी हल्ली येत नाही म्हणते," आई हसून म्हणाली. तिला फिरण्याचा कंटाळा आलाय, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

गुडघा माझ्या यादीत नव्हताच. मला पंक्चरवाल्याकडे बघवेना. तो टायर त्यानं न विचारता डिकीत ठेवला.

टायर अजून तिथेच आहे. जुनी चाकं गॅलरीत आहेत. ती परत बसवणं बाकी.