मटकीला शेपूट का येतं?

आत्ताच शाळेतून घरी आलेय. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरणार नाही.

मी मरोळच्या एका शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. आज मोड आलेली मटकी नेली होती. बाकं गोल लावली, प्रत्येक गटाला एक वाटी दिली आणि म्हटलं, "आज मी शिकवणार नाही. तुम्ही बघा आणि मला प्रश्न विचारा. कुठलाही."

सगळे जण वाटीकडे नाही, माझ्याकडेच बघत बसले.

शेवटी शर्वरीचा हात वर गेला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

"टीचर, पाण्याला जाऊ?"

वर्ग हसला, मीही हसले. पण अख्ख्या तासात तेवढा एकच प्रश्न आला, यार.

वाट्या घेऊन खाली उतरले, तर बालवाडीच्या दारातली एक चिमुरडी वाटीत डोकावून ओरडली, "टीचर, ह्याला शेपूट का आलंय?"

मी तिच्यासमोर खाली बसले. उत्तर देणार तोच आतून तिच्या टीचरचा आवाज आला, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

तिने लगेच बोट ठेवलं. डोळे मात्र वाटीतच होते.

सहावीत पोचेपर्यंत तिचं काय होणार, ते मी नुकतंच वर पाहून आले होते.

तुमच्या तोंडावरचं बोट निघालं का हो कधी?