आतून काय जाणार?

काल कुकरची नवी रिंग बसवताना रबराचा वास आला आणि नोकरीतली एक जुनी चूक आठवली.

चाकणच्या कंपनीत मी नवी होते. बॉयलरच्या पाइपजोडासाठी गॅस्केट, म्हणजे जोड गळू नये म्हणून मध्ये बसवायची चकती, आणायला पिंपरीत सलीमभाईंच्या दुकानात गेले. माप पाठ होतं. त्यांनी विचारलं, "मॅडम, आतून काय जाणार?"

"पाणी," मी ठोकून दिलं. त्यांनी रबराचं गॅस्केट दिलं.

फिटर जाधवकाकांनी ते बसवलं, जोडावर वाकून बोल्ट आवळले आणि म्हणाले, "चला, वाफ सोडतो."

मी पुढे धावले. "काका, थांबा. हे साधं रबर बॉयलरच्या वाफेला टिकणार नाही."

काकांनी बोल्ट सोडले. तेव्हा चारचौघांत झालेली शोभाच बोचली होती. आता दिसतो तो जोडापासून वीतभर अंतरावरचा काकांचा चेहरा.