फ्यूजला बांधलेली तार

केजला माझं टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिथं माझी जीभ फार चालते. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवतं न ठेवतं तोच काय बिघडलंय ते स्वतःच सांगायला लागतं, आणि मी त्याला गप्प करतो. "आधी मीटर लागू द्या, मग बोला." हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की शेजारचा चहावाला माझी नक्कल करून ते म्हणून दाखवतो. घरी मात्र मी आधी बोललो आणि मग मीटर लावला.

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक जुना सिंथेसायझर आहे. जड, लाकडी कडांचा, कुठल्याशा ऑर्केस्ट्रातून उतरून आमच्या घरी आलेला. आप्पा तो लग्नांत वाजवायचे. गावात त्याला इलेक्ट्रिक पेटी म्हणत. आप्पा गेल्यावर मी वाजवतो, बरा वाजवतो असं लोक निदान तोंडावर म्हणतात. पण त्याची पूजा मायच करते. खंडेनवमीला आमच्याकडं कोयता, विळा, कुदळ, माझी डाग द्यायची सोल्डरिंग आणि हा सिंथ, सगळं एका सतरंजीवर मांडतात. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही. हळद-कुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा आणि फुलानंच तांब्यातलं पाणी शिंपडायचं. आप्पा हसून म्हणायचे, "लई पानी घालू नगंस, त्याला पोहता येत न्हाई."

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी मायनं पुन्हा फुलानं पाणी शिंपडून पूजा उठवली आणि मी तो चालू केला. बहिणी आल्या होत्या, शेजारच्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. वर पंखा भणाणत होता. व्होल्टेज चढलं की आमचा पंखा असाच उडायला बघतो. थोडं वाजवलं आणि आवाज बसला, सिंथचा दिवा विझला. करपल्याचा बारीक वास आला. माझी नजर गेली ती पट्ट्यांच्या कडेला चिकटलेल्या ओल्या पाकळीवर.

"आप्पाची एकच वस्तू राह्यलती घरात," मी मायवर ओरडलो, "तीबी तू पाण्यात घातलीस." आणखीही बोललो. ते इथं लिहायला हात धजत नाही. माय पूजेचं ताट उचलून आत गेली. थोरल्या बहिणीनं माझ्याकडं बघितलं, तर मीच तिच्याकडं डोळे वटारून बघितलं.

सण उरकल्यावर सिंथ दुकानात आणून उघडला. वरच्या पत्र्याखाली धुळीचा थर जसाच्या तसा होता. पाण्याचा थेंब आत गेला असता तर धुळीत त्याचा डाग दिसला असता. इथंच मला समजायला हवं होतं. पण माणूस एकदा चारचौघांत बोलून बसला की त्याला खोटं ठरायचं नसतं. असेल कुठंतरी मुरलं, असं म्हणत मी पुढं गेलो. वायर बघितली, बटन बघितलं. फ्यूजला मीटर लावला, बीप वाजली, म्हणजे तोही ठीक. ट्रान्सफॉर्मरपर्यंत करंट येत होता आणि त्याच्यापुढं काहीच निघत नव्हतं. आतली गुंडाळी जळून काळी पडली होती.

एवढं जळेपर्यंत फ्यूज कसा उडाला नाही? म्हणून तो मागच्या बाजूच्या खोबणीतून काढला. काचेच्या नळीतली बारीक तार कधीचीच तुटलेली होती आणि नळीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तांब्याची तार गुंडाळलेली होती. पीळ माझ्याच हातचा. उन्हाळ्यात एका लग्नात जनरेटरवर फ्यूज उडाला, तिकडं नवरदेव मारुतीच्या पारावरून निघालेला, तेव्हा मीच वायर सोलून ती बांधली होती. आपल्याकडं कोण बांधत नाही? घराच्या बोर्डात, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत, जिथं बघाल तिथं तारच. उद्या बदलू म्हटलं आणि विसरलो. खरा फ्यूज असता तर त्या सकाळी व्होल्टेज चढताच तो उडाला असता आणि सिंथ वाचला असता.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, तरी मी शटर अर्धं ओढून घेतलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मोटारींच्या जळालेल्या गुंडाळ्या नव्यानं भरून देणाऱ्याकडून ट्रान्सफॉर्मर भरून आणला, नवा फ्यूज घातला, सिंथ वाजायला लागला. तो घरी नेला त्या दिवशी माय चुलीपाशी शेंगा फोडत होती. मी शेजारी बसून हळूच म्हणालो, "माय, ते पाण्यानं झालं न्हवतं. मीच फ्यूजला तार बांधलती, त्यानं जळालं."

"व्हय का," ती म्हणाली. हात चालूच होते. मग म्हणाली, "मला बरं वाटावं म्हून म्हणतुयास. पानी मीच शिंपडलं व्हतं की. समद्यांनी बघितलंय."

खिशातला तो जुना फ्यूज काढून दाखवला. तिनं उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. "मला काय कळतंय त्यातलं."

ओरडलो होतो सगळ्यांसमोर, आणि कबुली दिली ती चुलीपाशी, दबक्या आवाजात. तिनं त्या ओरडण्यावर विश्वास ठेवला यात तिचं काय चुकलं? जे बहिणींसमोर बोललो ते बहिणींसमोरच मागं घ्यायला हवं होतं.

यंदा खंडेनवमीला बहिणी पुन्हा आल्या. सतरंजीवर सगळं मांडलं. मायनं कोयत्याला कुंकू लावलं, विळ्याला, कुदळीला, माझ्या सोल्डरिंगलाही लावलं. सिंथपाशी आली आणि थांबली. हात पदराला पुसला आणि ताट माझ्यापुढं धरलं.

"ह्याला तूच लाव," ती म्हणाली. "माझा हात वला हाय."

हात कोरडा होता. बहिणी बघत होत्या. सांगायची वेळ हीच होती. मी ताट घेतलं आणि काही न बोलता कुंकू लावलं.